कारागृहांवरील नागरी देखरेख (महाराष्ट्र)

कारागृहांवरील नागरी देखरेख म्हणजे कारागृह प्रशासनाबाहेरील व्यक्तींनी कारागृहांना आणि मुलांच्या निरीक्षणगृहांसारख्या संस्थांना भेटी देऊन तेथील परिस्थितीची पाहणी करण्याची व तिच्याविषयी लेखी मत नोंदविण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्रात प्रौढ बंद्यांच्या कारागृहांसाठी हे काम अभ्यागतांकडे सोपविलेले आहे. मुलांच्या संस्थांसाठी ते बाल न्याय मंडळ, बालकल्याण समिती व निरीक्षण समित्या यांच्याकडे आहे. नाशिकमध्ये नाशिक रोड मध्यवर्ती कारागृह, किशोर सुधारालय आणि उंटवाडी भागातील बालनिरीक्षणगृह अशा तिन्ही प्रकारच्या संस्था असल्यामुळे या दोन्ही व्यवस्था तेथे शेजारी शेजारी आढळतात.

पार्श्वभूमी

भारतातील कारागृहांचा कारभार ब्रिटिश काळातील कारागृह अधिनियम, १८९४ या कायद्याच्या चौकटीत उभा राहिला. या कायद्याच्या कलम ५९ ने अभ्यागतांची नेमणूक व त्यांना मार्गदर्शन यांविषयी नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृह हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे अभ्यागतांविषयीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

स्वातंत्र्यपूर्व काळात तुरुंगातील जीवनाची माहिती समाजापर्यंत पोहोचली ती मुख्यतः राजबंद्यांमुळे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी व अशोक मेहता हेही त्या सुमारास तेथे होते आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तेथील चर्चांतून आकाराला आली. सुशिक्षित राजबंदी लिहू शकत, त्यांच्याविषयी वृत्तपत्रे लिहीत. सामान्य बंद्याला असे कोणतेही साधन नव्हते. अभ्यागत व्यवस्थेचे महत्त्व मुख्यतः अशा बंद्यांच्या दृष्टीने आहे.

अभ्यागतांची रचना व अधिकार

अभ्यागत दोन प्रकारचे असतात. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी यांसारखे अधिकारी पदसिद्ध अभ्यागत असतात, तर अशासकीय अभ्यागतांची नेमणूक राज्य शासन ठरावीक मुदतीसाठी करते. अशासकीय अभ्यागतांत लोकप्रतिनिधी, सामाजिक कार्यकर्ते व स्त्रिया यांचा समावेश असावा, अशी अपेक्षा केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत आहे.

अभ्यागताने बराकी, स्वयंपाकघर, रुग्णालय व स्वच्छतागृहे पाहावीत, अन्नाचा दर्जा तपासावा आणि बंद्यांची गाऱ्हाणी ऐकावीत, असे त्याच्या कामाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. भेटीनंतर तो आपला शेरा अभ्यागत नोंदवहीत लिहितो. कारागृह अधीक्षक त्या शेऱ्याची प्रत आपल्या अभिप्रायासह वरिष्ठांकडे पाठवितो. अभ्यागताला आदेश देण्याचा किंवा शिक्षा करण्याचा अधिकार नसतो. बंद्यांना कायदेविषयक मदत किंवा समुपदेशन देणाऱ्या संस्थांचे काम यापेक्षा वेगळे आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा १९९० पासून चालणारा ‘प्रयास’ हा प्रकल्प याचे उदाहरण होय. अशा संस्था सेवा देतात. प्रशासनाची तपासणी करणे हे त्यांचे कायद्याने नेमून दिलेले काम नाही.

न्यायालयीन निर्णय

सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९७९) या खटल्याची सुरुवात तिहार कारागृहातील एका बंद्याने दुसऱ्या बंद्याच्या छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्राने झाली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात कारागृहांत तक्रारपेट्या ठेवाव्यात, त्या जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांच्या देखरेखीखाली असाव्यात आणि न्यायाधीशांनी कारागृहांना भेटी द्याव्यात, असे निर्देश देण्यात आले.

महाराष्ट्रातील महत्त्वाचा निर्णय शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८३) हा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील स्त्री बंद्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे काही स्त्रियांनी त्यांना सांगितले. बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना स्त्री बंद्यांना भेटून अहवाल देण्यास सांगितले. त्यानंतरच्या निकालात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, तेथे महिला पोलिसांचा पहारा आणि न्यायाधीशांच्या अचानक भेटी यांविषयी निर्देश देण्यात आले. १९८७ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने बंद्यांच्या मुलाखती घेण्याची मुभा वाजवी निर्बंधांच्या अधीन असल्याचे स्पष्ट केले. म्हणजेच नागरिकाला कारागृहात स्वेच्छेने प्रवेश करता येत नाही; त्यासाठी नेमणूक किंवा परवानगी आवश्यक ठरते.

देशातील १,३८२ कारागृहांतील अमानवी परिस्थितीविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये अशासकीय सदस्यांसह अभ्यागत मंडळे नेमण्याचे निर्देश राज्यांना दिले. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या भायखळा कारागृहातील एका स्त्री बंद्याचा मृत्यू झाला होता. या प्रकरणी कारागृहाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाल्याने बाह्य देखरेखीचा प्रश्न राज्यात चर्चेत आला.

मुलांच्या संस्था

मुलांच्या संस्थांबाबतची देखरेख थेट कायद्यातच अंतर्भूत आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असते. मंडळाने विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या निवासी संस्थांची दरमहा किमान एकदा पाहणी करावयाची असते. निरीक्षण समित्यांनी तीन महिन्यांतून किमान एकदा सर्व संस्थांना भेट द्यावी, भेट देणाऱ्या पथकात किमान तीन सदस्य असावेत आणि त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा, असे कलम ५४ सांगते.

या कायद्यानुसार कोणत्याही बालकाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. तरीही वयाची नोंद चुकल्यास अल्पवयीन मुलगा प्रौढांच्या कारागृहात पोहोचू शकतो. म्हणून प्रौढांच्या कारागृहांची नियमित पाहणी करून तेथे कोणी बालक आहे काय हे पाहण्याची आणि आढळल्यास त्याला निरीक्षणगृहात हलविण्याची कार्यवाही करण्याची जबाबदारीही कलम ८ ने बाल न्याय मंडळावर टाकली आहे.

किशोर सुधारालयाचे स्थान वेगळे आहे. त्याचा उगम मुंबई बोर्स्टल शाळा अधिनियम, १९२९ या कायद्यात असून ते कारागृह विभागाच्या अखत्यारीत येते, तर निरीक्षणगृहे महिला व बालविकास विभागाशी संबंधित आहेत.

मर्यादा

अभ्यागत व्यवस्था शासनाच्या नेमणुकीवर अवलंबून आहे. मुदत संपल्यावर नव्या नेमणुका न झाल्यास नियम कायम राहतात, पण भेट देणारे कोणी उरत नाही. भेटीची पूर्वसूचना मिळाल्यास त्या दिवसापुरती व्यवस्था सुधारली जाऊ शकते. अधिकारी जवळ उभे असताना बंदी मोकळेपणाने बोलत नाही, कारण अभ्यागत निघून गेल्यावर त्याला तेथेच राहावयाचे असते. तसेच नोंदवहीतील शेऱ्यावर काय कार्यवाही झाली, हे प्रसिद्ध केले जातेच असे नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांत (२०१५) पूर्वसूचनेविना भेटी व बंद्यांशी एकांतात संभाषण यांना बाह्य तपासनिसांच्या अधिकारांत स्थान आहे. छळविरोधी कराराच्या २००२ च्या ऐच्छिक शिष्टाचारानुसार सदस्य राष्ट्रांना स्वतंत्र राष्ट्रीय देखरेख यंत्रणा ठेवावी लागते. भारताने मूळ करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी केली. मात्र त्याचे अनुसमर्थन केलेले नाही. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ नुसार राष्ट्रीय व राज्य मानवी हक्क आयोगांना कारागृहांना भेटी देण्याचा अधिकार आहे.

हेही पहा

नाशिक रोड मध्यवर्ती कारागृह
महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग
बाल न्याय मंडळ
साने गुरुजी