‘विडिया’ : एका कारखानी शब्दाचा इतिहास
अंधेरी-घाटकोपरच्या लेथखान्यांत कार्बाइडच्या हत्याराला, ते कोणत्याही कंपनीचे असो, ‘विडिया’ म्हणण्याचा प्रघात आहे. मूळ जर्मन ‘वी डियामांट’, म्हणजे ‘हिऱ्यासारखे’. क्रुप कंपनीने १९२७ साली लायप्झिगच्या व्यापारी जत्रेत हे नाव पुढे आणले. गौरव काठिण्याचा, परंतु इतिहास घडला तो बंधक धातूमुळे. श्रोटरने १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइड कोबाल्टने बांधले, ते सहज जमले. निकेल व टायटॅनियम कार्बाइड यांचे तसे नव्हे. वितळलेल्या निकेलने कण पुरते भिजत नाहीत. ते परस्परांस चिकटून वाढतात, मध्ये छिद्रे उरतात आणि पदार्थ ठिसूळ होतो. ह्यूमेनिक व पारीख यांनी १९५६ साली निकेलात मॉलिब्डेनम मिसळले, तेव्हा स्पर्शकोन शून्यावर आला व कण बारीक राहिले.