गिटेलमन सिंड्रोम

गिटेलमन सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. यात मूत्रपिंड मीठ पुरेशा प्रमाणात परत शोषून घेऊ शकत नाही; त्यामुळे रक्तातील पोटॅशियम आणि बहुधा मॅग्नेशियमही कमी होते व रक्ताची क्षारता वाढते. अमेरिकी वैद्य हिलेल गिटेलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली या विकाराचे वर्णन केले. युरोपीय वंशाच्या लोकांत त्याचे प्रमाण सुमारे ४०,००० व्यक्तींमागे एक मानले जाते.

कारण

बहुतेक रुग्णांत १६व्या गुणसूत्रावरील एसएलसी१२ए३ या जनुकात दोष आढळतो. हा संबंध १९९६ साली उघड झाला. वारसा अप्रभावी स्वरूपाचा असतो: आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

या जनुकापासून बनणारे प्रथिन मूत्रनलिकेच्या शेवटाकडील भागात सोडियम व क्लोराइड पेशीत ओढून घेते. रक्तदाबावर दिली जाणारी थायझाइड गटातील औषधे हेच प्रथिन रोखतात. म्हणून रुग्णाची अवस्था जन्मभर थायझाइड घेणाऱ्या माणसासारखी असते. मिठाबरोबर पाणीही जाते, रेनिन व अल्डोस्टेरॉन वाढतात आणि सोडियम वाचविण्याच्या प्रयत्नात पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते.

लक्षणे

लक्षणे बहुधा मोठ्या मुलांत वा तरुणपणी दिसतात. थकवा, स्नायूंत पेटके, हातापायांना व ओठांभोवती मुंग्या, रात्री वारंवार लघवी, चक्कर आणि खारट खाण्याची तीव्र ओढ ही नेहमीची लक्षणे होत. रक्तदाब सामान्य किंवा कमी असतो. काहींना पुढे सांध्यांत कॅल्शियमचे स्फटिक साचून वेदना होतात. क्वचित हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित होतात. विकाराला सरसकट ‘सौम्य’ म्हणणे त्यामुळे योग्य नाही.

निदान

पोटॅशियम कमी होण्याची अधिक नेहमीची कारणे वारंवार उलट्या व मूत्रल औषधांचा वापर ही आहेत. दोन्ही गोष्टी लपविल्या जात असल्याने खऱ्या रुग्णावरही संशय घेतला जाण्याचा संभव असतो. येथे मूत्रतपासणी निर्णायक ठरते. उलट्यांमुळे पोटॅशियम घटले असेल तर मूत्रातील क्लोराइड सहसा फार कमी असते. गिटेलमन सिंड्रोममध्ये ते कमी होत नाही. मूत्रल औषधांचा अंश मूत्रात थेट शोधता येतो. बार्टर सिंड्रोम या जवळच्या विकारात मूत्रातील कॅल्शियम सामान्य किंवा जास्त, तर येथे कमी असते. जनुकीय चाचणीने निदान पक्के होते.

उपचार

विकार समूळ बरा होत नाही. पोटॅशियम क्लोराइड व मॅग्नेशियम आयुष्यभर घ्यावे लागते. मॅग्नेशियम जास्त झाल्यास जुलाब होतात, म्हणून ते दिवसभरात विभागून देतात. गरजेनुसार स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन किंवा अ‍ॅमिलोराइड वापरतात, मात्र त्यांनी रक्तदाब आणखी उतरू शकतो. ‘मीठ कमी खा’ हा एरवीचा सल्ला येथे उलटा ठरतो: रुग्णाला हवे तितके मीठ खाण्यास सांगतात. उलट्या-जुलाबाच्या आजारात आणि गर्भारपणात क्षारांची पातळी वेगाने घसरू शकते, तेव्हा रक्ततपासण्या अधिक वेळा कराव्या लागतात.