समुद्रातले डुक्कर: चिनी, जपानी आणि शेजारच्या भाषांतील डॉल्फिनची नावे

चिनी भाषेत डॉल्फिनला 'हायथुन' म्हणतात. 'हाय' म्हणजे समुद्र आणि 'थुन' म्हणजे डुकराचे पिल्लू. नेमकी हीच दोन चित्राक्षरे जपानी माणसाने वाचली की तो 'इरुका' असा उच्चार करतो. या उच्चारात समुद्र नाही आणि डुक्करही नाही. लिपीचा प्रवास वेगळा आणि शब्दाचा प्रवास वेगळा, हे पूर्व आशियाच्या भाषांचा इतिहास शिकताना सुरुवातीलाच समजून घ्यावे लागते. डॉल्फिनची नावे त्यासाठी चांगले उदाहरण आहेत.

डुकराशी तुलना का झाली, याचे उत्तर जुन्या चिनी औषधिग्रंथांत मिळते. 1596 मध्ये छापून झालेल्या ली शिझेन यांच्या 'बन्त्साव कांगमू' या ग्रंथात समुद्रातले 'हायथुन' आणि नदीतले 'च्यांगथुन' ही दोन्ही नावे आकारावरून पडल्याचे म्हटले आहे. गोल अंग आणि भरपूर चरबी पाहता ते पटते. या चरबीचे तेल दिव्यात जाळत. आठव्या शतकातील छन त्सांग-छी या वैद्याने त्याविषयी एक लोकसमजूत नोंदवली आहे. हा दिवा जुगाराच्या पटावर लख्ख उजेड देतो, पण वाचन किंवा काम करायला बसले की मंद होतो. कारण हा मासा म्हणजे पूर्वजन्मीची आळशी बाई! नदीतला प्राणी वर येऊन डोके हलवू लागला की वारा सुटणार, असाही नावाड्यांचा अनुभव होता.

इथे भाषांतरकारांसाठी एक खाचखळगा आहे. 'हथुन' या शब्दाचाही अक्षरशः अर्थ 'नदीतले डुक्कर' असाच होतो, पण तो डॉल्फिन नव्हे. तो अंग फुगवणारा विषारी मासा. जपानीत तीच अक्षरे 'फुगु' अशी वाचतात.

आता जपानकडे वळू. 'इरुका' हा मूळचा जपानी शब्द आहे आणि चिनी लिपी येण्याआधीपासून तो बोलण्यात असावा. 712 मधील 'कोजिकी' या ग्रंथात तो एका कथेत येतो. केही येथील देव स्वप्नात येऊन राजपुत्राशी, म्हणजे पुढच्या ओजिन सम्राटाशी, नावांची अदलाबदल करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर नाक फुटलेले डॉल्फिन पसरलेले दिसतात; ती देवाने दिलेली भेट असते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते लेखन. तिथे 'समुद्र' आणि 'डुक्कर' ही अक्षरे नाहीत, तर 'शिरणे', 'हरीण' आणि 'मासा' अशी तीन अक्षरे आहेत. पाण्यात शिरणाऱ्या हरणाशी याचा काही संबंध नाही. जपानीत शिरणे म्हणजे 'इरु' आणि हरणाचे जुने नाव 'का'; केवळ ध्वनीसाठी ही अक्षरे उसनी घेतली, आणि शेवटचे 'मासा' हे अक्षर ओळख पटावी म्हणून जोडले. 645 मध्ये दरबारात मारला गेलेला बलाढ्य सरदार सोगा नो इरुका याचे नावही याच 'शिरणे-हरीण' अक्षरांत लिहितात. 'समुद्र-डुक्कर' ही अक्षरे चिनी ग्रंथांतून आली आणि जुन्या बोलीतल्या शब्दावर चढवली गेली. आज जपानी लोक बहुधा ती दोन्ही लेखने बाजूला ठेवून हा शब्द काताकाना या ध्वनिलिपीत लिहितात.

ध्वनीसाठी अक्षरे वापरण्याची ही युक्ती चिनी बौद्ध भाषांतरकारांनी संस्कृतसाठी आधीच वापरली होती. आपला 'शिशुमार' त्यांनी चार ध्वनी-अक्षरांत लिहिला आणि अर्थ दिला 'पिल्ले मारणारा मासा'. काही ठिकाणी तर सरळ मगर केली. भारतातही हा शब्द कधी मगरीला तर कधी नदीतल्या डॉल्फिनला लावला गेला आहे, तेव्हा त्यांना फार दोष देता येणार नाही.

शेजारच्या भाषांत डुक्कर टिकले, पण आपापल्या शब्दाने. व्हिएतनामीत 'का हेओ', म्हणजे 'मासा-डुक्कर'. मंगोलियनमध्ये 'दालायन गाखाय', समुद्राचे डुक्कर. ज्या देशाला समुद्रच नाही तिथेही. कोरियनमध्ये ग्रंथांतला 'हेदोन' हा चिनी अक्षरांचाच कोरियन उच्चार, पण लोक म्हणतात 'दोलगोरे'. 'गोरे' म्हणजे देवमासा. 'दोल' हा डुकराच्या जुन्या कोरियन शब्दाचा अवशेष, असे अनेक अभ्यासक मानतात.

या सगळ्यांत यांगत्से नदीच्या डॉल्फिनच्या नावाची कथा सर्वांत बोलकी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या 'एर्या' या शब्दकोशात 'जी' नावाच्या जलचराची नोंद आहे. क्वो फू (276–324) या भाष्यकाराने त्याचे वर्णन केले: लांब निमुळती चोच, दातांच्या रांगा, कपाळावर नाक, आवाज काढण्याची क्षमता, मांस कमी आणि चरबी जास्त, आणि अंड्यांऐवजी पिल्लांना जन्म. चौथ्या शतकाच्या आरंभी इतके अचूक निरीक्षण झाले होते, हे पाहून आश्चर्य वाटते.

पुढे 'जी' हे अक्षर विस्मृतीत गेले, पण शब्द कोळ्यांच्या तोंडी राहिला: 'बाइजी', पांढरा जी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चार्ल्स हॉय या अमेरिकन तरुणाने तुंगथिंग सरोवरात असा एक प्राणी मारला. स्थानिक नाव त्याने 'बाइची' असे समजून घेतले, म्हणजे 'पांढरे निशाण'. पाठीवरचा पर त्याला निशाणासारखा वाटला असावा. 1918 मध्ये गेरिट मिलर यांनी शास्त्रीय नाव दिले 'लिपोटिस व्हेक्सिलिफर', त्यातला दुसरा शब्द म्हणजे 'निशाण धारण करणारा'. चिनी पुस्तकांतही मग 'ची' उच्चाराचेच, पण 'पर' अर्थाचे अक्षर रूढ झाले: पांढऱ्या पराचा थुन. 'एर्या'तला 'जी' हाच तो प्राणी, हे चिनी प्राणिशास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर जुने अक्षर परत आले. शास्त्रीय नाव मात्र नियमानुसार बदलता येत नाही. ऐकण्यातली चूक तिथे कायमची राहिली.

अक्षर परत आले तेव्हा प्राणी संपत चालला होता. 1980 मध्ये पकडलेला 'छीछी' वुहानमध्ये 22 वर्षे जगला आणि 2002 मध्ये मेला. 2006 अखेरच्या सहा आठवड्यांच्या शोधमोहिमेत एकही बाइजी दिसला नाही.

यांगत्सेत आता पाठीवर पर नसलेला 'च्यांगथुन' तेवढा उरला आहे. 2017 च्या पाहणीत त्यांची संख्या 1,012 होती, 2022 च्या पाहणीत 1,249. 2021 मध्ये त्याला पहिल्या दर्जाचे राष्ट्रीय संरक्षण मिळाले आणि नदीवर दहा वर्षांची मासेमारीबंदी सुरू झाली. सरकारी कागदांत त्याच्या नावात 'थुन' हे जुने ग्रांथिक अक्षर असते. नदीकाठचे लोक त्याला 'च्यांगचू' म्हणतात. त्यातला 'चू' म्हणजे घराच्या मागे पाळलेले रोजचे डुक्कर.