वाट पाहण्याचं मोजमाप

संगणकासमोर बसलेला माणूस किती वेळ वाट पाहील, हा प्रश्न इंटरनेटपेक्षाही जुना. १९६८ मध्ये, वेबसाइट ही चीज जन्माला यायला दोन दशकं अवकाश होता तेव्हा, अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या रॉबर्ट मिलर यांनी एका परिषदेत यावर निबंध मांडला. यंत्राचं बोलता बोलता ते माणसांच्या संभाषणाकडे वळतात, हे मला फार आवडलं. आपण कुणाशी बोललो तर दोन-चार सेकंदांत समोरून काहीतरी यावं अशी अपेक्षा असते. उत्तर नसेना का, निदान 'हं' तरी! चार सेकंदांपेक्षा जास्त शांतता गेली की अवघडल्यासारखं होतं. मुशायऱ्यात शेराची पहिली ओळ म्हणून शायर थांबतो, ती शांतता हवीशी वाटते. पण तिथंही फार ताणलं की श्रोते चुळबुळू लागतात. मिलर यांनी हाच न्याय यंत्राला लावला. कळ दाबल्याची खूण सेकंदाच्या दहाव्या भागात मिळावी, साध्या प्रश्नाचं उत्तर दोनेक सेकंदांत यावं.

दोन सेकंद पुष्कळ झाले, तेवढ्यात माणूस पुढच्या कामाचा विचार करतो, असा समज मग बरीच वर्षं चालला. आयबीएमच्याच डोहर्टी आणि थदानी यांनी १९८२ मध्ये तो खोडून काढला. यंत्र सेकंदाच्या आत उत्तर देऊ लागलं की माणूसही पुढची कळ लवकर दाबतो, असं त्यांना आढळलं. विचाराचा धागा तुटत नाही ना! १९९३ मध्ये याकोब निल्सन यांनी सगळ्याचं सार तीन आकड्यांत सांगितलं. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे लगेच. एक सेकंदापर्यंत विचारात खंड पडत नाही. दहा सेकंदांपुढे लक्ष उडतं.

वेबसाइट संथ असली की दोष दूरच्या सर्व्हरला द्यायचा, अशी पूर्वी रीत होती. याहूमधले स्टीव्ह सौडर्स यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की ऐंशी ते नव्वद टक्के वेळ पानाचा मूळ मजकूर हाती आल्यानंतर जातो. चित्रं, सजावट, लहानमोठे प्रोग्रॅम यांची ने-आण त्यात असते. थोडक्यात, स्वयंपाक झालेला असतो, खोळंबा वाढण्यात होतो.

आता यूट्यूबची गोष्ट ऐका. २००९ च्या सुमारास तिथले अभियंते ख्रिस झकारियस यांनी व्हिडिओचं पान हलकं करायला घेतलं. १.२ मेगाबाइटचं पान त्यांनी ९८ किलोबाइटवर आणलं आणि त्याला नाव दिलं 'फेदर', म्हणजे पीस. पान निवडक लोकांसाठी खुलं केलं, आकडे आले, आणि सगळे चक्रावले. पान उघडायला लागणारा सरासरी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता!

उलगडा झाला तो नकाशावर आकडे मांडल्यावर. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरियाचे दुर्गम भाग इथून अचानक गर्दी झाली होती. तिथं जुनं पान उघडायला वीस-वीस मिनिटं लागत. म्हणून तिथले लोक यूट्यूबच्या वाटेला जातच नसत. नवं पान दोन मिनिटांत उघडू लागलं, तसे ते आले आणि आपल्या दोन मिनिटांनी सरासरी बिघडवून गेले. जे दारापर्यंत पोचतच नव्हते, त्यांचा हिशेब तोवर कुठल्याच तक्त्यात नव्हता.

वीस मिनिटं कुणाला अतिशयोक्ती वाटेल. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट मिळत. त्या वेगानं १.२ मेगाबाइट उतरवायला कागदोपत्रीच हजार सेकंद, म्हणजे जवळपास सतरा मिनिटं लागली असती. पिसाला दीड मिनिट पुरलं असतं.

सरासरीवर विसंबायचं नाही, हा धडा पुढे मुरला. गुगलनं २०२० मध्ये जे निकष जाहीर केले, त्यांत शंभरपैकी पंचाहत्तर भेटी चांगल्या ठरल्या तरच पान उत्तीर्ण. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, ही एक अट. दुसरी मला जास्त जिव्हाळ्याची वाटते: वाचताना मजकूर जागचा हलू नये. बातमीवर बोट टेकवावं आणि नेमकी तेवढ्यात वरून जाहिरात टपकून बोट भलतीकडेच पडावं, हा छळ कुणाला ठाऊक नाही? त्याचंही आता माप आहे. तिसरी अट होती बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देण्याची. पण तिच्यात फक्त पहिला स्पर्श धरत. मार्च २०२४ मध्ये ती बदलली. आता भेटीतले सगळे स्पर्श पाहतात आणि प्रतिसाद सेकंदाच्या पाचव्या भागात यावा लागतो. त्यामुळे लांबलचक अर्ज भरताना पहिल्या रकान्यात झटपट चालणारं आणि दहाव्या रकान्याशी अडून बसणारं पान आता कुठं मोजणीत सापडू लागलं आहे.