सुवाली : तापीच्या मुखाशी दडलेला आसरा

राष्ट्रीय जलमार्ग कायदा २०१६ साली अमलात आला आणि देशातील १११ जलमार्गांच्या यादीत तापीचेही नाव आले. हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंतचा ४३६ किलोमीटरचा प्रवाह हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० ठरला. कागदावर पाहता भुसावळजवळ नौकेत बसावे आणि समुद्रात उतरावे, अशी ही सोय आहे. प्रत्यक्षात वाटेत सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथील बंधारे आणि उकाईचे प्रचंड धरण उभे आहे. यांपैकी एकाचेही बांधकाम नौकांच्या ये-जा करण्यासाठी झालेले नाही. धरणे नव्हती तेव्हाही खान्देशातील तापी नौकानयनाची नदी नव्हतीच. उंच दरडी, खडकाळ पात्र, पावसाळ्यात अंगावर येणारा पूर आणि उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, असा तिचा स्वभाव. नावा होत्या त्या या काठावरून त्या काठावर नेणाऱ्या.

तरीही या नदीने खान्देशाला एक बंदर दिले होते. ते म्हणजे सुरत. मात्र सुरतेचे बंदर बंदरासारखे वागत नसे, हे फारसे सांगितले जात नाही. शहर समुद्रापासून सुमारे वीस किलोमीटर आत, नदीच्या वळणावर वसलेले. मुलताईहून ७२४ किलोमीटर वाहत आलेली तापी आपला गाळ मुखाशी टाकते. समोरून येणारी भरती तो पुढे जाऊ देत नाही. त्यातून मुखावर वाळूचा आडवा दांडा तयार होतो. ओहोटीला त्यावर इतके कमी पाणी उरे की भरलेले मोठे जहाज आत घेणे अशक्यच. १६०८ साली कॅप्टन हॉकिन्सचे ‘हेक्टर’ हे जहाज आले, तेव्हा तेही दांड्याबाहेरच नांगर टाकून राहिले आणि माल होड्यांनी शहरात न्यावा लागला. बाहेरचा समुद्र उघडा. तेथे वाऱ्याचे भय आणि त्याहून अधिक पोर्तुगीजांचे.

यावर तोडगा निघाला तो नदीच्या मुखाच्या उत्तरेस, सुवाली गावासमोर. किनाऱ्याला समांतर असा वाळूचा एक लांब पट्टा समुद्रात पसरलेला होता. ओहोटीला तो उघडा पडे, भरतीला पाण्याखाली जाई. हा पट्टा आणि किनारा यांच्या मधोमध सुमारे सात मैल लांब आणि दीड मैल रुंद अशी खोल पाण्याची पट्टी होती. पूर्ण भरतीच्या वेळी समुद्रावरून पाहणाऱ्याला तिचा पत्ताच लागत नसे. सगळीकडे सारखेच गढूळ पाणी. १६११ साली सर हेन्री मिडल्टनच्या ताफ्याला ही जागा सापडली आणि इंग्रज कागदपत्रांत ‘स्वाली होल’ हे नाव रूढ झाले. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना ती त्याआधीही ठाऊक असणार, हे उघड आहे. सापडली म्हणण्याची रीत परक्यांची.

अशा जागेत जहाज आणायचे म्हणजे आधी पाण्याचे वेळापत्रक पाठ हवे. खंबातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा असल्याने भरती आत शिरताना चढत जाते. भावनगरकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या पुढे जातो. सुरतेच्या बाजूला तो त्याहून कमी, तरीही मोठा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे किनाऱ्यावरच्या पोरासही कळते. मुंबईकडचे कोळी तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. परंतु आखातात भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे हा हिशेब सुरतेला तसाच्या तसा चालत नाही. प्रत्येक ठिकाणचे गणित वेगळे असते आणि वाटाड्याची खरी किंमत तेथेच असते.

दुसरा नियम असा, की अनोळखी उथळ पाण्यात पूर्ण भरतीला शिरू नये. त्या वेळी रुतलेले जहाज पाणी ओसरताच कोरडे पडते, कलंडते, आणि भरती उतरणीच्या दिवसांत असेल तर पुढच्या उधाणापर्यंत अडकून राहते. शिरायचे ते पाणी चढत असताना. तळ लागलाच तर चढते पाणी अर्ध्या-पाऊण तासात उचलून घेते. शिडे कमी करून मंद गतीने जायचे, पुढे एक लहान होडी सोडायची आणि तीतून शिशाचा गोळा बांधलेली दोरी सतत पाण्यात टाकून खोली वावांत मोजायची. गोळ्याच्या बुडाशी चरबी लावलेली असे. तिला वाळू चिकटून आली की चिखल, यावरून आपण पट्ट्याकडे सरकत आहोत की मधोमध आहोत, हे समजे.

तिसरी गोष्ट किनाऱ्यावरच्या खुणांची. एखादे झाड आणि त्यामागचा घुमट एका रेषेत आले की वळायचे, अशी त्यांची रीत. सुवालीजवळ राजगरी येथे एक घुमटी आहे. १६१७ मध्ये सुरतेत मरण पावलेला इंग्रज प्रवासी टॉम कोरियट याची ती कबर, असा समज आहे. सपाट किनाऱ्यावर दुरून दिसणारी ही वास्तू खलाशांची खूणच होऊन गेली.

या उथळपणाचे महत्त्व १६१२ च्या नोव्हेंबरअखेर दिसून आले. टॉमस बेस्टच्या हाताशी ‘रेड ड्रॅगन’ आणि छोटे ‘होसियँडर’ ही दोनच जहाजे होती. समोर पोर्तुगीजांची चार मोठी गलबते आणि वल्ह्यांच्या कितीतरी नौका. लढाईच्या दुसऱ्या दिवशी चारपैकी तीन गलबते वाळूवर चढली. भरतीने आणि लहान नौकांनी ती पुढे सोडवली, पण आब जायचा तो गेला. सुमारे दोन वर्षांनी, १६१५ च्या जानेवारीत, गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः मोठा ताफा घेऊन आला, तेव्हाही त्याची अवजड जहाजे निकोलस डाउंटनच्या जहाजांपर्यंत आत पोहोचू शकली नाहीत. पाठवाव्या लागल्या त्या लहान नौका, आणि त्यांचेच नुकसान झाले. सुरतेत इंग्रजांची वखार टिकली, त्यात तोफांइतकाच वाळूचाही वाटा मानावा लागेल. कोकणात आंग्र्यांच्या हलक्या गलबतांनी पुढे हाच डाव इंग्रजांवर उलटवला, हा इतिहासातला एक मासलाच.

सुवालीला जहाजात चढणारा माल बराचसा तापीच्या खोऱ्यातून येई, पण नदीतून नव्हे. बैलांचे तांडे तो बुऱ्हाणपूर, रावेर, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर या वाटेने सुरतेकडे नेत. विल्यम फिंच १६१० मध्ये आणि इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच बाजूने बुऱ्हाणपूरला गेले. धरणगावलाही १६७४ मध्ये इंग्रजांची वखार होती. सप्टेंबरमध्ये पावसाळा ओसरला की सुवालीच्या वाळूवर तंबू पडत, तात्पुरती बाजारपेठ उभी राही आणि वाऱ्याची दिशा बदलण्याआधी जहाजे निघून जात. सुवालीला लागणारा उशीर खान्देशातल्या विणकरालाही भोगावा लागे, कारण त्या मोसमात न चढलेला माल पुढच्या मोसमापर्यंत पडून राही.

पुढे व्यापार मुंबईकडे सरकला. तेथील खोल बंदराला असल्या कसरतीची गरज नव्हती. नदीचेही रूप पालटले. उकाई १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि वरचा बराच गाळ जलाशयात अडू लागला. सिंगणपूरचा बंधारा १९९५ मध्ये झाल्यावर भरतीचे पाणी सुरतेच्या वर जाणे थांबले. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की भुसावळहून निघालेले पाणी आजही उकाईपर्यंत जाते, वाळू मात्र पूर्वीसारखी मुखापर्यंत पोहोचत नाही.

सुवालीच्या त्याच किनाऱ्यावर हजिरा बंदर उभे आहे. २००५ मध्ये तेथे द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल सुरू झाले. लाटा अडवणारी भिंत बांधून आणि तळ उपसून केलेल्या मार्गाने जहाजे आत येतात. खोली आता ध्वनिलहरींनी मोजली जाते, भरतीची कोष्टके छापील मिळतात. तरी मुखापाशी आलेले जहाज थांबते, स्थानिक पाण्याचा माहीतगार पायलट शिडीने वर चढतो आणि मगच ते पुढे सरकते.