मधुमेहाचें औषध आणि त्याचें ऋण

रोगांचा इतिहास लिहूं जाणारे लोक प्लेग, पटकी, देवी अशा साथींकडेच प्रथम वळतात, आणि तें स्वाभाविकहि आहे. साथ येते ती परचक्रासारखी येते, गांवें ओस पाडते आणि निघून जाते. परंतु जे रोग घरांत पाहुण्याप्रमाणें शिरतात व घरच्या माणसांप्रमाणें जन्मभर राहतात, त्यांची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. मधुमेह हा ह्या दुसऱ्या वर्गांतील एक प्रमुख रोग होय. त्यावरील औषधाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. कारण दीर्घरोगांवर वैद्यकानें मिळविलेला जय कितपत खरा व कितपत अपुरा, हें तिच्यावरून फार स्पष्ट दिसतें.

हा रोग नवा नव्हे. रोग्याच्या मूत्रास मुंग्या लागतात हें आपल्या प्राचीन वैद्यांस ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेंत तर प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज, म्हणजे जन्मतः आलेला व आहारविहाराच्या दोषानें जडलेला, असे दोन भेदहि केलेले आहेत. युरोपांत मॅथ्यू डॉब्सन ह्यानें मूत्रांतील गोडी साखरेची असल्याचें १७७६ सालीं दाखविलें. तरीहि रोगाचा उगम शरीरांत कोठें आहे, हें बराच काळ उमगलें नव्हतें. १८८९ सालीं स्ट्रासबर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग ह्यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्यास मधुमेह जडला! चोर कोणत्या घरांत आहे हें त्या दिवशीं कळलें.

चोर धरावयास मात्र आणखी ३२ वर्षें लागलीं. मधल्या काळांत डॉक्टरांच्या हातीं मुख्य उपाय होता तो उपासमारीचा. अमेरिकेंतील फ्रेडरिक ॲलन ह्यांच्या पद्धतीनें रोग्याचें अन्न इतकें तोडीत कीं, मुलांच्या अंगावर केवळ अस्थिचर्म उरे. त्यामुळें मरण कांहीं काळ लांबे, टळत नसे. मूल रोगानें आज जावें कीं उपवासानें उद्यां जावें, एवढीच निवड आईबापांपुढें असे.

१९२१ च्या उन्हाळ्यांत टोरांटो विद्यापीठांत, प्राध्यापक मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेंत, फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य व चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी कामास लागले. स्वादुपिंडाचा अर्क त्यांनीं मधुमेही कुत्र्यांस टोंचला, तेव्हां त्यांच्या रक्तांतील साखर उतरली. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉमसन ह्या चौदा वर्षांच्या मुलास तो अर्क प्रथम टोंचण्यांत आला; पण तो अशुद्ध होता, व प्रयोग फसला. पुढील कांहीं दिवसांत जेम्स कॉलिप ह्या रसायनज्ञानें अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीस पुन्हां टोंचणी झाली आणि साखर झपाट्यानें खालीं आली. मरणाच्या दारांत उभा असलेला तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षें जगला.

१९२३ चें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड ह्यांस मिळालें. बँटिंगनें आपल्या रकमेचा अर्धा वांटा बेस्टला दिला, मॅक्लाउडनें कॉलिपला. मानापमानाचे रुसवेफुगवे ह्या मंडळींतहि पुष्कळ झाले; परंतु त्याच वर्षीं शोधाचे हक्क प्रत्येकीं एक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यांत आले, हें विसरतां कामा नये.

आतां ह्या जयाची दुसरी बाजू. इन्सुलिननें रोगी वांचला, रोग गेला नाहीं. पूर्वीं जीं मुलें दोन वर्षांत दगावत तीं प्रौढ झालीं, आणि डोळे, मूत्रपिंडें व रक्तवाहिन्या ह्यांचे विकार त्यांच्यांत दिसूं लागले. मरणाचा रोग जन्माचा सोबती झाला. टोंचणी, पथ्य व तपासणी हीं नित्यकर्में झालीं. शास्त्र मात्र थांबलें नाहीं. १९५५ पर्यंत सँगर ह्यांनीं इन्सुलिनच्या रेणूची घडण उलगडली, आणि १९८२ पासून जंतूंकडून तयार करविलेलें मानवी इन्सुलिन बाजारांत आलें. गुराडुकरांच्या स्वादुपिंडांची गरज हळूहळू सरली.

असें असूनहि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें १९९० सालीं जे मधुमेही २० कोटि होते, ते २०२२ सालीं ८३ कोटि झाले, व त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांस कोणतेंहि औषध मिळत नव्हतें. ह्यांतील बहुसंख्य रोगी सुश्रुताच्या दुसऱ्या भेदाशीं जुळणारे आहेत. त्यांतील सर्वांस इन्सुलिन लागत नाहीं, आणि बैठें जिणें व आहार सुधारल्यास कित्येकांचा रोग टाळतांहि येतो. परंतु ज्यांचा प्राण त्या कुपीवरच अवलंबून आहे, अशांनाहि अनेक देशांत ती परवडत नाहीं. हा दोष प्रयोगशाळेचा नव्हे. तिनें आपलें काम केलें. राहिलें आहे तें राज्यकर्त्यांचें, व्यापाऱ्यांचें आणि तुमचेंआमचें.

१४ नोव्हेंबर, म्हणजे बँटिंगचा जन्मदिवस, जगभर मधुमेहदिन म्हणून पाळतात. त्या दिवशीं शोधकांचा गौरव अवश्य व्हावा. पण आमच्या मतें त्यासोबत एक प्रश्नहि विचारला जावा: एक डॉलरास देऊन टाकलेला हा शोध शंभर वर्षें उलटलीं तरी गरीब रोग्याच्या घरापर्यंत कां पोहोंचला नाहीं?