मुठीबाहेरचे पाखरू

जुन्या देवळांच्या नादाने गावोगाव हिंडणाऱ्या माणसाची नजर सहसा दगडावर खिळलेली असते. आकाशाशी त्याचा संबंध पाऊस येतो की काय, एवढ्यापुरताच. मीही त्याच जातीचा. परंतु एका पौषात परभणी जिल्ह्यातील चारठाण्याची मंदिरे पाहण्यास गेलो असता माझी मान वर झाली, ती अद्याप पुरती खाली आलेली नाही.

सकाळची वेळ होती. ज्वारीच्या रानाला लागून गायरानाचा एक पट्टा होता. त्यावरून राखी-पांढरा असा एक पक्षी अगदी खालून, कणसांना स्पर्श होईल की काय असे वाटावे इतका खालून, तरंगत आला. पंख किंचित वर उचललेले, टोकांशी काळी पाचर, आवाज मुळीच नाही. वाट दाखवायला आलेले म्हातारे शेतकरी म्हणाले, "गुरुजी, हे पाखरू थंडीत येतंय अन् उन्हं तापली की जातंय. पयले लई यायचे. आता दोन-तीन सालांत हे एकलंच दिसलं बघा."

घरी येऊन पुस्तके चाळली. तो पांढुरका भोवत्या होता. सॅम्युएल गॉट्लीब ग्मेलिन या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन १७७० साली केले, त्या वेळी पुण्यात थोरले माधवराव पेशवे कारभार पाहत होते. रशिया व कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत हा जमिनीवर घरटे करतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. उंदीर, लहान पाखरे, टोळ व नाकतोडे हे त्याचे भक्ष्य.

मग इतिहासाच्या खोडीप्रमाणे मी मागे मागे जाऊ लागलो. शिकारी पक्ष्यांची आपल्याकडे दाद घेतली गेली नाही असे मुळीच नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त ससाण्याकरवी खेळावयाच्या शिकारीचे प्रकरण आहे. कुमाऊँच्या रुद्रदेवाने तर 'श्यैनिकशास्त्र' हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अमरकोशात श्येनाला 'शशादन', म्हणजे ससे खाणारा, असे नाव आहे. आपला ससाणा त्याच कुळातला दिसतो. पुढे मुसलमानी अमदानीत बाज, शिकरा, बहिरी ही नावे दरबारांतून बोलीत उतरली.

परंतु हे सारे पक्षी राजाच्या मुठीवर बसणारे होते. भोवत्याला कोणी मुठीवर घेतले नाही. शिकारखान्यात त्याचा उपयोग नव्हता. म्हणूनच की काय, माझ्या चाळण्यात आलेल्या दरबारी ग्रंथांत तो मला भेटला नाही. ज्याचा राजाला उपयोग नाही त्याची दप्तरात नोंद नाही, हा नियम माणसांपुरताच आहे असे मी तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. तो पाखरांनाही लागू असल्याचे मला गायरानावर उमगले.

परभणी निजामाच्या राज्यात असताना, १९३१-३२ साली, सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाखरू हाती धरण्याजोगे आहे की नाही हे न पाहता ते केवळ आहे म्हणून लिहून ठेवण्याची ही रीत मला मोठी न्यायाची वाटते.

आता प्रश्न पुढचा आहे. भोवत्ये रात्री झाडावर न बसता गवतात, जमिनीवर, जमावाने मुक्काम करतात. गायराने नांगरली गेली, ज्वारीची जागा सोयाबीन-कापसाने घेतली, औषधांच्या फवारण्यांनी नाकतोडे मेले. हजारो कोसांवरून आलेल्या पाहुण्याला ना ओसरी, ना भाकर. देऊळ पडले तर त्याचा दगड तरी उरतो, उद्या कोणीतरी तो वाचील. हा पाहुणा यायचा थांबला, तर कोणता दगड साक्ष देणार?

पुढल्या हिवाळ्यात मी पुन्हा गेलो. दोन दिवस बांधावर बसलो. पक्षी आला नाही. गायरानाचा निम्मा पट्टा नांगरलेला होता. निघताना म्हाताऱ्यांनी विचारले, "गुरुजी, मागल्या साली पाहिलेलं लिवून ठिवलं का?"

"ठेवले," मी म्हणालो.

"गावाचं नाव घातलं का?"

ते मात्र राहिले होते. बांधावरच वही काढली आणि तिथीखाली गावाचे नाव घातले.